न विचारता छापलेलं नाव

मी एकदा एका जित्याजागत्या माणसाचं नाव त्याला न विचारता छापून टाकलं, आणि वर आपण त्याचा केवढा मान राखला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. छापलं ते गणिताच्या एका संशोधन-लेखावर. लेख सगळा माझा. माझ्या शाळेतल्या सरांनी त्यातली एकही ओळ पाहिलेली नव्हती. तरी लेखक म्हणून पहिलं नाव त्यांचं आणि त्याखाली माझं. आता हे सांगताना मला हसू येतं, पण ते हसू त्या वेळच्या बाईवर. ती समोर भेटली तर तिचा कान धरून तिला चाकणच्या एसटीत बसवावं असं अजून वाटतं.

ती बाई तिशीच्या आतली. सत्तर सालानंतरची ती वर्षं. भोसरीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायची आणि पिंपरीच्या एका कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर गणित शिकवायची. एम. एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला होता. ही गोष्ट ती विसरत नसे आणि दुसऱ्या कुणाला विसरू देत नसे. दळणाच्या डब्यावर नावापुढे पदवी लिहिणारी भोसरीत मी एकटीच असेन. गिरणीवाला मला ‘पीठवाल्या प्रोफेसर’ म्हणायचा आणि मला तेही कौतुकच वाटायचं.

नवरा औद्योगिक इस्टेटीतल्या एका वर्कशॉपात गिअर कापायच्या मशीनवर होते. एकदा जेवताना त्यांनी सहज विचारलं, “समज, तीन-चार दातेरी चाकं एकमेकांत बसवली आहेत. प्रत्येकाच्या एका दातावर खडूची खूण केली. चाकं फिरवली की खुणा पांगतात. किती दात पुढे गेल्यावर सगळ्या खुणा परत पहिल्या जागी येतील, हे न फिरवता कागदावर काढता येतं का?”

येतं. दोन-तीन चाकांचं तर शाळेतलं पोर काढील, लसावि काढायचा की झालं. पण पहिला वर्ग मिळालेल्या बाईला एवढ्यावर थांबवेना. चाकांची साखळी, साखळीला फांद्या, फांद्यांना पुन्हा चाकं, असं वाढवत वाढवत मी त्यावर एक प्रमेय रचलं. अकरा पानं झाली. नवरा रोज विचारायचे, “आलं का उत्तर?” मी म्हणायची, “अहो, आता ते तुमच्या चाकांचं राहिलं नाही. आता ते गणित आहे.” त्यावर ते मुकाट ताक प्यायचे.

आता सरांविषयी सांगायला हवं. मी चाकणची. वडिलांची कांद्याच्या बाजारात अडत होती. सर आमच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. शाळा सुटल्यावर ते मला ओसरीवर बसवून पुस्तकाबाहेरचं गणित सांगत, आणि त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. सर बौद्ध. शिकवणी शाळेच्या ओसरीवर झाली तर वडिलांची हरकत नव्हती, सरांच्या घरी मात्र नको. का नको, ते आमच्या घरात कुणी तोंडानं बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. गणितात शंका विचारायला मी फार धीट होते, एवढंच.

सरांचा एक छंद होता. दूरच्या शहरातून गणित शिक्षकांचं एक त्रैमासिक निघे. त्यात शेवटी अवघड प्रश्न छापत आणि पुढच्या अंकात बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांची नावं. सर कैक वर्षं उत्तरं पाठवत होते आणि त्यांचं एकही उत्तर कधी चुकलेलं नव्हतं. त्रैमासिकाचे वाचक असून असून किती असणार? काहीशे असतील. पण त्या काहीशे लोकांत चाकणच्या एका माणसाच्या नावाला वजन होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेच्या मसुद्यात मी सरांचं नाव घालायला सांगितलं. आमच्याकडे पत्रिका म्हणजे भांडणाचं घर. कुठल्या आत्याच्या यजमानांचं नाव वर, कुठल्या काकांचं खाली, यावरून रुसवेफुगवे. ज्यांनी लग्नासाठी काडी हलवली नाही त्यांचीही नावं ‘आपले विनीत’च्या खाली रांगेनं उभी. सरांचं नाव वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, “ते बरं दिसायचं नाही.” नाव गळलं. मी रडले बिडले नाही. मुंडावळ्या बांधून उभी राहिले.

ते मनात राहिलं होतं. लेख तयार झाला तेव्हा मला वाटलं, आता ही पत्रिका माझी आहे, इथं कोण नाही म्हणतंय! तेव्हाची माझी अक्कल ही अशी. लेखकांची यादी आणि लग्नपत्रिकेतली नावं यांत मला काही फरकच दिसत नव्हता. मोठ्यांचं नाव वर घालायचं, झालं.

लेख टाइप केला आमच्या खालच्या खोलीतल्या बाईनं. ती एका कंपनीत टायपिस्ट होती. रविवारी ती मशीनवर मजकूर काढून द्यायची, चिन्हांच्या जागा कोऱ्या ठेवायची आणि मी त्या टाकानं भरायची. पहिल्याच पानावर ती थांबली.

“हे वरचं नाव कुणाचं गं?”

“माझ्या सरांचं.”

“हे गणित त्यांनी केलंय होय?”

“गणित मी केलंय. पण मला त्यांनी घडवलंय ना!”

“मग तुझ्या कपाळावर छाप त्यांचं नाव. कागदावर कशाला?” ती म्हणाली. “आमच्या साहेबांचं नाव मी न विचारता पत्राखाली टाइप केलं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील.”

“ते साहेब आहेत. हे सर आहेत.”

“विचारलंयस का पण?”

“त्यांना गुरुपौर्णिमेला छापलेला लेखच हातात देणार आहे.”

तिनं मशीनची दांडी जोरात सरकवली, एवढंच. संपादकांना पत्रांसाठी मी माझा पत्ता कळवला, पण लेखाखाली छापायला सरांचा चाकणचा दिला, कारण पहिल्या लेखकाचा पत्ता द्यायचा असतो, हे मला बरोबर माहीत होतं. लेखक कोण असतो, एवढंच काय ते माहीत नव्हतं.

लेख पाठवला त्याच त्रैमासिकाकडे, आणि तो लगेच स्वीकारला गेला. मला वाटलं, आपल्या बुद्धीचं तेज. लेख छापून आला, लेखाच्या पंचवीस सुट्या प्रती आल्या. सासूबाईंनी एका प्रतीला हळदकुंकू लावून ती देवघरात ठेवली. मी गिरणीवाल्यालासुद्धा एक दिली. त्यानं ती पाककृतींची पुस्तिका असल्यासारखी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, “मॅडम, यात कांदा-लसणाचं काही नाही ना?”

सरांकडे अंक जातो हे मला ठाऊक होतं. त्यांचं पत्र येईल म्हणून मी वाट पाहत होते. आठवडे गेले, पत्र नाही. मी नवऱ्याला म्हटलं, “सर फार भारावले असतील हो. शब्द सुचत नसतील.” गुरुपौर्णिमेच्या आधीच पत्र आलं. दोन ओळी होत्या. “रविवारी ये. ज्या वहीत हे काम केलंस ती वही घेऊन ये.”

चाकणला बाजारापलीकडे, वस्तीच्या टोकाला सरांचं घर. लग्नानंतर मी तिथं जाऊ लागले होते, वडिलांना न सांगता. सर दारातच बसले होते. समोर अंक उघडा, माझ्याच लेखावर.

“हे कुणी लिहिलं?”

“मी, सर. तुम्हाला अचानक आनंदाचा धक्का द्यायचा होता.”

“धक्का बसला,” सर म्हणाले. “बस. आधी हे वाच.”

ते एक साधं पोस्टकार्ड होतं, दूरच्या एका गावच्या प्राध्यापकाचं. वर त्रैमासिकातून उतरवून घेतलेलं सरांचं नाव आणि पत्ता. मजकूर इंग्रजीत होता आणि थोडका होता. आपल्या लेखातलं तिसरं साहाय्यक प्रमेय सहा, दहा आणि पंधरा या संख्यांना कसं लागू होतं, ते कृपा करून कळवावं. आपली उत्तरं मी अनेक वर्षं वाचत आलो आहे, तेव्हा चूक बहुधा माझीच असेल.

“पोस्टमननं कार्ड देताना मला काय विचारलं माहीत आहे?” सर म्हणाले. “‘मास्तर, तीन आकडे आलेत. ओपनला लावू का क्लोजला?’ त्याला वाटलं, मी मटका खेळायला लागलो.” ते हसले, आणि मीही हसायला तोंड उघडलं, पण त्यांनी तेवढ्यात वही मागितली.

“सहा, दहा, पंधरा. तिघांत मिळून सामाईक विभाजक?”

“एक सोडून काही नाही.”

“सहा आणि दहात?”

“दोन.”

“दहा आणि पंधरात?”

“पाच.” पुढचं त्यांनी विचारलं नाही. सहा आणि पंधरात तीन. तिघांत मिळून सामाईक काही नाही, म्हणजे कुठल्याही दोघांतही नाही, असं मी धरून चालले होते. ते खोटं होतं. आणि त्या एका खोट्या पायरीवर पुढची सात पानं उभी होती. मी तपासून पाहिलेली उदाहरणं चार, नऊ, पंचवीस असली. सगळी सोयीची.

“या तिघांचा लसावि?”

“तीस.”

“आणि तुझं सूत्र काय म्हणतं?”

“नऊशे.”

सर रागावले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, “तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत?”

“काय देऊ? लेख माझा नाही असं लिहू, का तुमचं बरोबर आहे असं लिहू? पंधरा दिवस कार्ड तसंच पडलंय.”

ज्या माणसाचं उत्तर कधी एक दिवस उशिरा गेलं नव्हतं, त्याच्या घरात कोनाड्यात ते कार्ड पंधरा दिवस पडून होतं. काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, चहा घेऊन आल्या. त्यांना लेखाचं काही ठाऊक नसावं, पण काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं. सर आत वही पाहायला गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, “काय झालं गं? दोन हप्ते झाले, धड जेवत न्हाईत. त्या पुस्तकात काय इपरीत आलंय का?” मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “ह्यांच्या बापाला गावात पुऱ्या नावानं कुणी हाक मारली न्हाई. ह्यांचं नाव त्या पुस्तकात पुरं छापून येतं. आमी दरखेपेला बघतो, हाय का म्हणून. मला वाचाया येत न्हाई, पण तेवढं वळकतं.”

चहा मी कसा संपवला ते मला आठवत नाही.

परत आल्यावर मी संपादकांना लिहिलं, की लेखात चूक आहे. नावाबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. धीर नव्हता. संपादकांचं उत्तर फार सभ्य होतं. सभ्य लोकांनी मला त्या वर्षी फार छळलं. त्यांनी लिहिलं होतं, की लेख रीतीप्रमाणे तपासणीसाठी पाठवायला हवा होता, पण पहिलं नाव पाहिल्यावर त्याची गरज वाटली नाही, आणि हा दोष आमचाच. ते वाचून मला कळलं की मी सरांना हार घातला नव्हता, तर त्यांना न सांगता त्यांना जामीन ठेवलं होतं. आणि लेख लगेच स्वीकारला गेला होता तो माझ्या बुद्धीच्या तेजानं नव्हे.

प्राचार्यांना मी सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, “अहो, केवढं मनाला लावून घेताय! प्रमेयात एक अट घाला, दुरुस्ती पाठवा आणि नावं राहू द्या तशीच. कितीतरी ठिकाणी विभागप्रमुखांचं नाव घालतातच की. तुम्हाला कायम करायचा कागद वर गेलाय, त्यात या लेखाचा उल्लेख आहे. आता नावाचा घोळ कशाला काढता?”

ते मला पटलं. पटलं नाही असं म्हटलं तर या वयात खोटं बोलल्यासारखं होईल. मी घरी येऊन दुरुस्तीचा मसुदा केला. पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘टंकलेखनातील अनवधानामुळे’. खालची बाई तो टाइप करायला बसली आणि कागद ओढून माझ्या हातात देत म्हणाली, “हे बघ, माझ्या बोटांवर नको खपवूस. मी सहाला सहाच टाइप केलंय.” दुसऱ्या मसुद्यात लिहिलं, ‘लेखकांच्या नजरचुकीने’. तो घेऊन मी चाकणला गेले.

सरांनी तो वाचला आणि पेन्सिलीनं ‘लेखकांच्या’ या शब्दाखाली रेघ मारली. “हे कोण कोण?”

“मी. आणि तुम्ही.”

“माझी नजर यावरून फिरलीच नाही. मग नजरचूक माझी कशी?”

“सर, तुमचं नाव काढलं ना, तर लोक म्हणतील, चूक निघाल्यावर मास्तर बाजूला झाले. ते जास्त वाईट.” हे मी बसमध्ये घोकून आले होते. त्यात माझी नोकरी कुठे लपली होती ते मला पक्कं माहीत होतं.

“म्हणतील,” सर म्हणाले.

“आणि ठेवलं तर नुसती एक चूक. चूक कुणाचीही होते.”

“कुणाचीही होते, माझीही होईल. पण ही झालेली नाही.” त्यांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. “तू ठेवायचं का काढायचं ते मला विचारू नकोस. काय झालं ते लिही. त्यात माझं बरं होतंय का वाईट, ते बघायला बसलीस तर परत तेच करशील.”

मी तिथंच ओसरीवर बसून लिहिलं. लेख सर्वस्वी माझा आहे. चूक माझी आहे. पहिल्या लेखकाला लेखाची माहिती नव्हती, त्यांची संमती घेतलेली नव्हती, त्यांचं नाव मी माझ्या मनानं घातलं. चार ओळी झाल्या आणि त्यांना अख्खी दुपार लागली. सरांनी ते वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि त्या प्राध्यापकाला पाठवायच्या कार्डावर पत्ता लिहायला घेतला.

खुलासा छापून आला. तो लेखाच्या मानानं बारीक अक्षरात होता. त्या वर्षी मला कायम केलं नाही. ते ठीकच झालं. पण मला वाटलं होतं, निदान सरांचं नाव तरी आता धुतलं गेलं. नंतर पुण्यात गणित शिक्षकांची एक सभा झाली. तिथं चहाच्या वेळी माझ्या पाठीमागे दोघे बोलत होते.

“चाकणच्या मास्तरांचं वाचलंत का? चूक निघाल्यावर नाव काढून घेतलं.”

“बाईंनी अंगावर घेतलं असणार. मास्तर तसे हुशार.”

मी गर्रकन वळले. कप हिंदकळून साडीवर चहा सांडला. “ती बाई मीच,” मी म्हटलं. “सरांना खरंच माहीत नव्हतं. एक अक्षर माहीत नव्हतं. सगळी लबाडी माझी.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतले वयस्कर जे होते त्यांनी मला नमस्कारच केला. “शिष्या असावी तर अशी,” ते म्हणाले, “नाहीतर आजकाल सरांसाठी कोण एवढं करतं!”

मी जितकं जोरानं खरं सांगत गेले तितकी त्यांच्या डोळ्यांत माझी भक्ती वाढत गेली आणि सरांची पत घसरत गेली. शेवटी मी गप्प बसले. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडतं. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “मला आधी विचारलं असतंस तर मी तीन चाकं फिरवून दाखवली असती.” त्यांचंही बरोबर होतं. त्या घरात मी सोडून सगळ्यांचं बरोबर होतं.

पुढचा अंक आला. मी शेवटचं पान आधी उघडलं. बरोबर उत्तरं पाठवणाऱ्यांत सरांचं नाव नव्हतं. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. मग रविवारची वाट न पाहता रजा टाकली आणि चाकणची एसटी धरली. काकू परसात कांदे निवडत होत्या. त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, “आली व्हय? चहा टाकते, थांब.” सर ओसरीवर एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आकृती काढत होते. मी अंक पिशवीतून बाहेर काढलाही नाही. फक्त विचारलं, “सर, तुम्ही या खेपेला उत्तर पाठवलं नाहीत का?”

सरांनी आधी परसाकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, “पाठवलं होतं गं, वेळेवर पाठवलं होतं. संपादकांचं पत्र आलंय, इथून पुढं माझी उत्तरं ते आधी दुसऱ्या दोघांकडून तपासून घेणार आणि मग नाव छापणार, म्हणून उशीर. त्यांचं काही चुकलं नाही, तपासायलाच पाहिजे. फक्त तुझ्या काकूला वाटतंय अंक अजून यायचाय. तू तिच्यापुढं बोलू नकोस.”